जुनी मिलिटरी जीप घ्यायचीय? आधी कागद, मग लोखंड

दारात युद्धकाळातली जीप उभी असली की रविवारी कोणी ना कोणी गेटपाशी थांबतंच. मग चहा होतो, बॉनेट उघडलं जातं आणि शेवटी हमखास तो प्रश्न येतो, "आम्हालाही एक घ्यायचीय, सुरुवात कुठनं करू?" प्रत्येकाला सुट्टं सुट्टं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं म्हटलं. मी कोल्हापूरचा, माझ्याकडे १९४३ ची फोर्ड जीपीडब्ल्यू आहे, घेऊन नऊ वर्षं झाली आणि त्यातली पहिली अडीच वर्षं ती रस्त्यावर आलीच नाही. तुमची ती अडीच वर्षं वाचावीत एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय.

जीप म्हटलं की लोक कारसारखी गाडी समजतात, पण लष्कराच्या कागदात हिचं नाव 'ट्रक, पाव टन, फोर बाय फोर' असंच आहे. विलीस कंपनीची ती एमबी आणि फोर्डनं त्याच डिझाईनवर बनवली ती जीपीडब्ल्यू, दोन्ही मिळून १९४१ ते १९४५ या काळात सहा लाखांवर गाड्या निघाल्या. युद्ध संपल्यावर आपल्याकडे राहिलेल्या गाड्या विकून टाकल्या गेल्या, त्यावरनं 'डिस्पोजलची जीप' हा शब्द पडला, आजही जुने मेस्त्री तोच वापरतात.

१. आधी ठरवा, नेमकी कुठली गाडी झेपणारे

आपल्याकडे छंद म्हणून ठेवण्यासारख्या मिलिटरी गाड्या मुख्यतः तीन. पहिली युद्धकाळातली जीप. दुसरी जोंगा, म्हणजे निसान पी-६० च्या डिझाईनवर जबलपूरला बनलेली, जवळपास ४ लिटरचं सहा सिलेंडर पेट्रोल इंजिन असलेली. तिसरा शक्तिमान, जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्यानं बनलेला ट्रक, पहिला १९५९ साली बाहेर पडला.

शक्तिमान बघून छाती भरून येते हे खरंय, पण तो उभा करायला शेड लागते, टायर बदलायला चार माणसं लागतात आणि ७५०० किलोच्या वर एकूण वजन गेलं की साधं कारचं लायसन्स चालत नाही, हेवीचं काढावं लागतं. जोंगा भारी गाडी आहे, पण पेट्रोल पिते, अक्षरशः पिते. जीप साधारण ११०० किलोची, ८० इंच व्हीलबेस, कुठल्याही पार्किंगमध्ये मावते आणि घरच्या घरी दोन जॅक आणि एक पान्ह्याचा सेट यावर निम्मी कामं होतात. पहिलीच गाडी असेल तर माझं स्पष्ट मत जीपच घ्या, म्हणून पुढचं सगळं जीपबद्दल लिहितोय, पण कागदपत्रांचा भाग बाकीच्यांनाही लागू पडेल.

२. खरी गाडी आणि जोडलेली गाडी यातला फरक ओळखा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, इथंच लोक फसतात. बाजारात 'ओरिजिनल विलीस' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्या म्हणजे महिंद्राची चासी, नवीन पत्र्याची बॉडी आणि कुठल्यातरी डिझेल गाडीचं इंजिन. हरियाणात मंडी डबवालीला उघड्या जीप बनवायचा मोठा धंदाच आहे, काम देखणं असतं, हौसेला घ्यायला हरकत नाही, पण ती युद्धातली गाडी नव्हे आणि तिला तेवढे पैसेही देऊ नयेत.

बघायला जाताना टॉर्च, वायर ब्रश, लोहचुंबक आणि जुनं पोतं घेऊन जा. पोतं अंथरून गाडीखाली झोपा. पुढे रेडिएटरच्या खाली चासीचा आडवा तुकडा असतो, तो गोल पाईपचा असेल तर विलीस एमबी आणि उलट्या यू आकाराचा पत्रा असेल तर फोर्ड. फोर्डनं तर आपल्या बनवलेल्या पार्टवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' उठवलाय. मी माझी गाडी घेतली तेव्हा मागच्या हुकाच्या बोल्टवरचं ग्रीस चिंधीनं पुसलं आणि खाली तो छोटासा तिरका एफ दिसला, तेव्हाच ठरवलं की हीच घ्यायची.

बाकी खुणा: पुढच्या जाळीला नऊ फटी असतात, युद्धानंतरच्या सिव्हिलियन मॉडेलला सात. मागं फळकूट नसतं, म्हणजे मागची बाजू उघडत नाही, तिथं स्टेपनी आणि जेरीकॅन लागतो. हेडलाईट जाळीच्या आत बसलेले असतात आणि एक खटका सोडला की उलटे फिरून इंजिनवर उजेड पाडतात, रात्री दुरुस्ती करता यावी म्हणून केलेली सोय. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, साधारण ५७ लिटरची. पंपावर गेलात की तुम्ही उतरायचं, गादी उचलायची आणि मग पेट्रोल भरायचं, पंपावरचा पोरगा दर वेळी चक्रावतो.

लोहचुंबक कशाला? लांबी, म्हणजे पत्र्यावर भरलेली पुट्टी, ओळखायला. गंजलेल्या पत्र्यावर दोन-दोन बोटं लांबी भरून वर चकचकीत रंग मारलेला असतो. फ्लोअर, टूलबॉक्सचा तळ आणि बॉडीखालच्या पन्हाळी, इथं चुंबक चिकटला नाही तर समजून जा.

आणि हे काळजावर कोरून ठेवा: चासी नंबर. फोर्डचा नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर वरच्या अंगाला थेट ठोकलेला असतो, विलीसचा पुढे डाव्या बाजूला प्लेटवर. इंजिनचा नंबर ब्लॉकवर वेगळा. मी पहिल्यांदा एक गाडी पसंत केली होती, सांगलीकडची, रंगरूप एकदम झकास, टोकन म्हणून ४० हजार देऊन बसलो. दुसऱ्यांदा सोबत मेस्त्रीला नेलं, त्यानं नंबराच्या जागी ब्रश मारला तर खालून वेल्डिंगची रेघ निघाली, म्हणजे नंबराचा तुकडा कापून दुसऱ्या चासीत बसवलेला. टोकन बुडालं ते बुडालंच. नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे, आणि नंबराच्या आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे, वेल्डिंग, नवा रंग असलं काही दिसलं तर चहा पिऊन निघून या.

३. कागद तपासा, पैसे नंतर

मालक "कागद क्लिअर आहेत" म्हणाला म्हणून क्लिअर होत नसतात. घरी यायच्या आधी हे सगळं हातात हवं:

- ओरिजिनल आरसी बुक, झेरॉक्स नको
- विकणाऱ्याची सही असलेले, गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०
- गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ म्हणजे एनओसी
- विकणाऱ्याचा आधार, पॅन आणि साध्या कागदावर तारीख-वेळ टाकलेली डिलिव्हरी नोट
- मूळ मालक वारले असतील तर वारसांचे कागद आणि सगळ्या वारसांची संमती
- चालू इन्शुरन्स, निदान थर्ड पार्टी

वारसांचा मुद्दा हलका घेऊ नका. या गाड्या आजोबांच्या नावावर असतात, विकतो नातू, आणि पुण्या-मुंबईला राहणाऱ्या आत्यानं सही द्यायला नकार दिला की सगळं अडकतं.

दुसरा खड्डा म्हणजे रेकॉर्ड. तीन अक्षरी जुन्या नंबरच्या गाड्यांची नोंद आरटीओच्या जाड रजिस्टरात असते, कॉम्प्युटरवर नसते. नोंद ऑनलाईन चढवून घ्यावी लागते, त्याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात, त्याशिवाय ट्रान्सफर पुढं सरकत नाही. हे काम विकणाऱ्याकडनं करून घ्या आणि मगच उरलेले पैसे द्या. टॅक्स कधीपर्यंत भरलाय तेही विचारा, वीस वर्षं उभ्या गाडीची थकबाकी तुमच्या डोक्यावर बसू शकते.

ज्यांना जोंगा किंवा आर्मीची जिप्सी लिलावात घ्यायचीय त्यांच्यासाठी: लष्कराच्या लिलावातल्या गाडीला आधी सिव्हिलियन आरसी नसतेच, तिची नोंदणी फॉर्म २० नं होते आणि त्यासोबत संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्यानं दिलेला फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, ओरिजिनल लागतो. लिलावात लॉट घेणारा व्यापारी तुम्हाला गाडी विकतो पण फॉर्म २१ 'नंतर देतो' म्हणतो. नंतर म्हणजे कधीच नाही असं धरून चाला. फॉर्म २१ नसलेली जोंगा म्हणजे अंगणात ठेवायची शोभेची वस्तू.

४. नोंदणी: व्हिंटेज की नेहमीची?

जुलै २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर, फॉर्म २०, सोबत इन्शुरन्स, जुनी आरसी असेल तर ती, बाहेरून आणलेली असेल तर कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री. नव्या नोंदणीची फी २० हजार, नंतर पुन्हा नोंदणीची ५ हजार, मुदत १० वर्षं. नव्या नंबरात राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात, आधीच नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. माझ्यासारख्याला ही मोठी गोष्ट आहे, तो जुना नंबर गाडीचा चेहराच असतो.

पण अट नीट वाचा. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं-आणणं अशा कामांपुरतीच. लग्नाच्या वरातीला भाड्यानं द्यायचा विचार असेल तर सोडून द्या.

दुसरा रस्ता म्हणजे आहे ती साधी आरसी दर पाच वर्षांनी पासिंग करून चालू ठेवायची, पर्यावरण कर भरायचा, पीयूसी काढायची, एचएसआरपी नंबरप्लेट बसवायची. वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी आता बरीच वाढलीय, जायच्या आधी पोर्टलवर चालू आकडा बघून जा. रविवारी सकाळी सहज पन्हाळ्याला जाऊन यायचं असेल तर हाच रस्ता बरा, मी हाच घेतलाय.

कुठलाही रस्ता घ्या, एक गोष्ट दोन्हीकडं सारखी. कापाकापी करू नका. डिझेल इंजिन बसवायला चासीचे कान कापले, पॉवर स्टीअरिंगसाठी पुढचा तुकडा उडवला, की मूळ गाडी तर गेलीच आणि व्हिंटेजच्या व्याख्येतनंही ती बाहेर पडली. मेस्त्री सांगेल "साहेब, डीआय इंजिन टाकू, टेन्शन संपलं", ऐकू नका. तो मायलेजचं बोलतोय, आणि मायलेजसाठी कोणी ऐंशी वर्षांची गाडी घेत नाही.

५. रंग आणि खुणा: इथं पोलीस अडवतात

नवख्या माणसाला पहिली हौस असते ऑलिव्ह ग्रीन रंगाची. थांबा. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. लोक देतात, रस्त्यावर दिसतातही, पण एखाद्या नाक्यावर अडवलं की तुमच्याकडं उत्तर नसतं. मी वाळूच्या जवळचा खाकी रंग निवडला, वाळवंटातल्या गाड्यांना तसलेच रंग असायचे त्यामुळं इतिहासालाही धरून आहे. आरसीवर रंगाची नोंद असते, रंग बदलला की ती बदलून घ्या.

बाण असलेला आर्मी नंबर, युनिटच्या खुणा, 'आर्मी' अशी अक्षरं, काहीही काढू नका. ज्यांनी खरोखर त्या नंबराची गाडी चालवली त्यांचा तो मान आहे, आपण तो रंगवून मिरवणं बरं दिसत नाही. नकली बंदूक लावून रस्त्यावर फिरणं तर अजिबात नको.

आणि एक, जीप डाव्या स्टीअरिंगची असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणं डाव्या स्टीअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतलं सिग्नल देणारं साधन असलंच पाहिजे. मूळ गाडीला इंडिकेटर नव्हते, तेव्हा क्लॅम्पनं बसणारे, भोक न पाडता लागणारे इंडिकेटर बसवा.

६. घरी आणल्यावर लगेच स्टार्ट मारू नका

वर्षानुवर्षं उभी गाडी आणली की मित्र जमतात, कोणीतरी बॅटरी आणतो आणि "मार की स्टार्टर" सुरू होतं. असं करून चांगली इंजिनं गेलेली मी बघितलीत. क्रम असा ठेवा.

चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑईल सोडा, दोन रात्री तसंच राहू द्या. मग हँडल घालून हातानं फिरवा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा पलीकडून वळवायचा नाही, इंजिननं उलटा झटका दिला तर मनगट जातं. इंजिन अख्खा फेरा मोकळं फिरलं की मग संप, म्हणजे इंजिनाखालची ऑईलची परात, उघडा आणि तळातला काळा गाळ हातानं काढा, नवीन ऑईल साधारण ४ लिटर बसतं.

टाकी खाली काढून धुऊन घ्या, आत गंज असणारच. रबरी पाईप आणि फ्युएल पंपाचा पडदा सरळ नवीन टाका, आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. कॉम्प्रेशन साडेसहाच्या आसपास आहे त्यामुळं महागडं पेट्रोल भरायची काही गरज नाही. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचा गॅप २० थाउ (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), प्लगचा ३०, फायरिंग ऑर्डर १-३-४-२, हे एका पत्र्यावर रंगवून बॉनेटच्या आत लावून टाका म्हणजे बाहेरगावी कुणाच्या हातात गाडी दिली तरी अंदाजपंचे काम होत नाही.

ब्रेक मात्र पूर्ण करा, अर्धे नाही. सगळीकडं एकच सर्किट आहे, एका चाकाची वॉशर गळाली की पेडल थेट फळीला टेकतं आणि चारही चाकांचे ब्रेक जातात. मास्टर सिलेंडर, चारही व्हील सिलेंडर, होज, सगळं नवीन. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारा डबा) मागं प्रॉपेलर शाफ्टवर असतो, तो गाडी उभी केल्यावर धरायला आहे, पळत्या गाडीत ओढायचा नाही.

आता गरम होण्याबद्दल, कारण यात माझं एक वर्ष गेलं. माझी गाडी गावात ठीक, पण पन्हाळ्याच्या चढाला वाघबीळच्या पुढं गेलं की उकळायची. रेडिएटर दोनदा उघडून साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, पंखा बदलला, वॉटर पंप नवीन टाकला, टायमिंग तीनदा बघितलं. काही फरक नाही. शेवटी उद्यमनगरातल्या एका वयस्कर टर्नरनं विचारलं, "आतली नळी काढली होती का?" मला नळी आहे हेच माहीत नव्हतं. वॉटर पंप काढला की ब्लॉकच्या आत मागंपर्यंत जाणारी एक लांब चपटी पत्र्याची नळी असते, तिला ठरावीक अंतरावर भोकं असतात, त्यातनं थंड पाणी प्रत्येक व्हॉल्व्हच्या सीटपाशी पोचतं. माझी नळी पकडीनं ओढली तर हातभर अंतरात तिचे पापुद्रे निघून आले, मागचा अर्धा भाग तर नुसता तांबडा चिखल होता, म्हणजे तीन आणि चार नंबरच्या सिलेंडरला थंड पाणी मिळतच नव्हतं. त्यांनीच पितळेच्या पत्र्याची नवीन वळवून दिली. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही उकळली नाही. तुमची गाडी गरम होत असेल तर सगळ्यात आधी हे बघा, शेवटी नको.

७. चाकं: इथं जीव जातो, लक्ष देऊन वाचा

दोन गोष्टी. पहिली, युद्धकाळातल्या रिमा दोन तुकड्यांच्या असतात, आठ बोल्टांनी जोडलेल्या. गाडीला चाक लावायचे पाच नट वेगळे आणि रिमेचे आठ वेगळे. टायरात हवा असताना ते आठ नट कधीही, कुणीही, कुठल्याही कारणानं सैल करायचे नाहीत, रिम बॉम्बसारखी उडते. पंक्चरवाल्याला हे माहीत नसतं. मी त्या आठही नटांना लाल रंग दिलाय आणि पंक्चर काढताना समोर उभा राहतो, आधी व्हॉल्व्हची पीन काढून हवा पूर्ण सोडायला लावतो, मगच पान्हा.

दुसरी, डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात. उजवीकडचे नेहमीसारखे, डावीकडचे उलटे. स्टडवर एल असतो. एकदा हायवेवर एका टायरच्या दुकानात पोरानं दोन फुटी पाईप लावून डावीकडचे नट 'सोडवायचा' प्रयत्न केला, म्हणजे आवळतच गेला, आणि दोन स्टड मोडले. चूक माझीच, मी चहा प्यायला पलीकडं गेलो होतो.

८. मेस्त्री, पार्ट आणि हत्यारं

कॉम्प्युटर लावून गाडी बघणारा गॅरेजवाला इथं उपयोगाचा नाही. ज्यानं महिंद्राच्या पेट्रोल जीप खोलल्यात असा साठीच्या पुढचा माणूस शोधा, तालुक्याच्या गावी अजून सापडतात. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपचं कुळ हेच असल्यानं बरेच पार्ट तिचे चालतात, बोअर-स्ट्रोकसुद्धा तोच. पार्टसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ला, दिल्लीत काश्मिरी गेट आणि मायापुरी. जुना पार्ट सोबत घेऊन जा, फोटोवर पार्ट मागवू नका. जे मिळत नाही ते बनवून घ्या. कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या लोकांचं नशीब की लेथ आणि फौंड्री दारात आहेत.

इंची पान्ह्यांचा सेट घ्या, मिलीमीटरचा पान्हा घातला की नटांची तोंडं गेली. बाकी ग्रीस गन, फीलर गेज, सहा व्होल्टचा टेस्टर, दोन जॅक आणि चाकाला लावायला दोन लाकडी ओंडके. गाडी मुळात सहा व्होल्टची आहे, लोक सरळ बाराची करतात. माझी अजून सहाचीच आहे. स्टार्टर हळू फिरतो म्हणून रडणाऱ्या निम्म्या गाड्यांचा आजार अर्थिंगचा असतो, वायरी जाड टाका, अर्थची जागा घासून उघडी करा, मस्त फिरतो.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमध्ये ९० नंबरचं ऑईल टाकताना डब्यावर जीएल-४ बघून घ्या, जीएल-५ मधल्या केमिकलनं आतले पितळी भाग खराब होतात.

९. चालवायला शिका, नव्यानं

ज्यांना गाडी येते त्यांनाच हे जास्त लागू. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे पूर्ण थांबल्याशिवाय पहिला पडत नाही, जबरदस्ती केली तर खडखडाट आणि नंतर दात. दुसरा-तिसरा पडतो, पण जुन्या बॉक्सला डबल क्लच मारणंच बरं: क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडून हलकी रेस, पुन्हा क्लच, मग गिअर. मला हे मिलिटरीतून रिटायर झालेल्या एका ड्रायव्हर काकांनी शिकवलं. बिचारे नुसते गाडी बघायला आले होते. शेजारी बसले, तीन वेळा माझा खर्रर्र आवाज ऐकला आणि म्हणाले, "आवरा जरा. आधी तिला विचारा, मग गिअर टाका." पुढचा तासभर रंकाळ्याच्या बाजूच्या रस्त्यावर फक्त दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा करून घेतलं.

गिअरच्या दांडीशेजारी दोन छोट्या दांड्या असतात, एक पुढचं एक्सल जोडायची आणि एक हाय-लो ची. डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर व्हील लावू नका, मध्ये डिफरन्शियल नाही, वळणावर पुढची-मागची चाकं वेगळी फिरायला बघतात आणि सगळा ताण शाफ्टवर येतो. चिखलात, वाळूत, ओल्या गवतात लावा. क्रम असा की आधी पुढचं एक्सल, मग लो, आणि काढताना आधी लो काढायचा, मग एक्सल.

डॅशवरच्या प्लेटवर ताशी ६५ मैल लिहिलंय म्हणून तेवढी पळवू नका. ६० ते ६५ किलोमीटरला इंजिन खूश असतं आणि तेवढ्यातच ब्रेकही भरवशाचे असतात. हायवे टाळा, जुने रस्ते धरा. घाट उतरताना वरूनच दुसरा टाकून निघा, मध्येच टाकू म्हणालात तर पडणार नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये पळत सुटेल. ओढा ओलांडला की शंभर मीटर ब्रेकवर हलका पाय ठेवून चाला, ड्रम वाळल्याशिवाय ब्रेक लागत नाहीत. ओव्हरटेक करताना डाव्या सीटवरून समोरचं काही दिसत नाही, उजवीकडं बसणारा माणूस विश्वासाचा हवा आणि त्यानं "चल" म्हटल्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

एप्रिल-मेच्या दुपारी चढावर गाडी अचानक बंद पडली आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू झाली तर घाबरू नका, पाईपमध्ये पेट्रोलची वाफ झालेली असते. फ्युएल पंपावर ओलं फडकं टाका, बॉनेट उघडं ठेवा. सायलेन्सरच्या जवळून जाणारा पाईप जरा लांब घ्या, तिथं पत्र्याची आड लावा, त्रास बराच कमी होतो.

१०. परत आल्यावरची पाच मिनिटं

गाडी शेडमध्ये लावली की लगेच घरात जाऊ नका. चारही हबवर हात ठेवून बघा. चारही सारखे कोमट असतील तर उत्तम. एखादाच हात ठेववत नाही इतका तापला असेल तर तिथला ब्रेक धरून राहिलाय नाहीतर बेअरिंग फार आवळलंय, आठवडाभर थांबू नका, दुसऱ्या दिवशीच चाक उचला. मग खाली वाकून बघा, जमिनीवर नवा ठिपका पडलाय का आणि कुठं. ट्रान्सफर केसखाली थेंबभर ऑईल या गाड्यांना असतंच, पण चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली तर ते ब्रेक ऑईल. बोटाला लावून वास घ्या, चिकट आणि गोडसर वाटलं की किल्ली घरात कुणाकडं तरी देऊन ठेवा आणि सिलेंडर बदलेपर्यंत परत मागू नका.